तारकापेशींतील मेदसंकेत आणि जनुकोपचार : शोधनिबंध कसा वाचावा

‘मेंदूतील एक विकर (एन्झाइम) रोखून अल्झायमरवर जनुकोपचार’ अशा मथळ्याची बातमी वाचल्यावर मूळ शोधनिबंध स्वतः पाहावा, असे ज्या नाशिककरांना वाटते त्यांच्यासाठी हे टिपण आहे. वाचक म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थी असो, की घरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करणारी सून किंवा मुलगा असो, वाचण्याची पद्धत दोघांसाठी एकच आहे.

प्रथम कोऱ्या कागदावर रासायनिक मार्ग काढून घ्यावा. पेशीपटलातील मेदापासून २-एजी हा संकेतरेणू गरजेनुसार तयार होतो, तो पेशींवरील सीबी१ आणि सीबी२ या ग्राहींवर (संकेत टिपणाऱ्या प्रथिनांवर) काम करून दाह शमवतो आणि नंतर एमएजीएल नावाचे विकर त्याचे विघटन करते. उंदराच्या मेंदूत या विघटनाचा सुमारे ८५ टक्के वाटा याच एका विकराचा असतो. विघटनातून ॲराकिडॉनिक आम्ल निघते आणि त्यापासून दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स बनतात. म्हणजेच एमएजीएल रोखले की दाह शमवणारा २-एजी टिकून राहतो आणि दाहाचा कच्चा मालही आटतो. हा दुहेरी परिणाम लक्षात ठेवल्याशिवाय पुढील आलेख उलगडत नाहीत.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: विकर नेमके कोणत्या पेशीत रोखले? तारकापेशी, म्हणजे ॲस्ट्रोसाइट, चेतापेशींना पोसतात आणि चेतासंधींभोवतीचे रासायनिक संतुलन राखतात. परंतु इजा किंवा रोग झाल्यावर त्या दाहातही भाग घेतात. डोक्याला इजा केलेल्या उंदरांवरील २०२२ च्या एका अभ्यासात एमएजीएल तारकापेशींत निष्क्रिय केल्यावर मेंदूचे रक्षण झाले, चेतापेशींत केल्यावर मात्र झाले नाही. त्यामुळे ‘मेंदूत एमएजीएल कमी केले’ एवढ्या वाक्यावर थांबू नये. सूक्ष्मदर्शीची छायाचित्रे मोठी करून पाहावीत. जीएफएपी प्रथिनाचा रंग चढलेल्या तारकापेशींच्या फांद्या रोगग्रस्त ऊतीत जाड व दाट दिसतात. जीएफएपीचा प्रवर्तक (जनुक सुरू करणारा डीएनएचा भाग) वापरून जनुक तारकापेशींपुरते मर्यादित ठेवल्याचा दावा असेल, तर तेच जनुक चेतापेशींत उतरले नाही ना, हे दाखवणारे, न्यूएन या चेतापेशींच्या खुणेचा रंग दिलेले छायाचित्र शोधावे, कारण हा प्रवर्तक कधीकधी चेतापेशींतही काम करतो. असे छायाचित्र नसेल, तर निष्कर्ष अर्धाच सिद्ध झाला असे मी मानतो.

हस्तक्षेप केव्हा झाला, हे ‘पद्धती’ विभागात दिलेले असते. लक्षणांपूर्वी केलेला बदल प्रतिबंधाविषयी सांगतो. आधीच आजारी असलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला हवे असलेले उत्तर त्यातून मिळत नाही.

वाहकाकडे, म्हणजे जनुक पेशीत पोहोचवणाऱ्या निरुपद्रवी केलेल्या विषाणूकडे, वळताना अधिक सावध असावे. यासाठी वापरल्या जाणाऱ्या एएव्ही विषाणूत सुमारे ४.७ किलोबेस, म्हणजे ४,७०० अक्षरे, एवढाच जनुकीय मजकूर मावतो. एमएजीएलची पातळी घटवणारा छोटा आरएनए त्यात सहज बसतो, ही या मार्गाची जमेची बाजू आहे. अडचण मेंदूपर्यंत पोहोचण्याची आहे. पीएचपी.बी हा एएव्ही वाहक काही जातींच्या उंदरांत रक्तातून मेंदूत उत्तम शिरतो, कारण त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या आतील थरावर एलवाय६ए हे प्रथिन असते. बाल्ब/सी जातीच्या उंदरांत तो तसा शिरत नाही आणि माणसात तर हे प्रथिनच नाही. म्हणून वाहकाचे नाव आणि उंदराची जात नेहमी एकत्र टिपावी. एएव्ही९ या दुसऱ्या एएव्ही वाहकावर आधारित उपचाराला स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुर्बळ करणाऱ्या जनुकीय आजारासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, पण ती दोन वर्षांखालील बालकांसाठी होती. त्यावरून सत्तरीतल्या रुग्णाविषयी अंदाज बांधू नये.

या मार्गातील धोकाही तितक्याच गांभीर्याने वाचावा. एमएजीएल दीर्घकाळ पूर्णपणे रोखल्यास उंदरांत सीबी१ ग्राही निष्प्रभ होऊ लागतात, असे २०१० मध्येच दिसले होते. गोळी बंद करता येते. पेशीत उतरलेले जनुक तसे काढून घेता येत नाही. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन येथे एफएएएच या दुसऱ्या मेदविघटक विकराला रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. ते औषध इतरही मेदविघटक विकरांना रोखत होते, असे नंतर आढळले.

या उपचाराच्या नावाने कोणी पैसे मागत असेल, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर चाचणीचा नोंदणी क्रमांक तपासावा. नोंदणी सापडल्यावरही ती चाचणी कोणत्या टप्प्यातील आहे आणि आपला रुग्ण तिच्या निकषांत बसतो का, हे पाहावे आणि तो कागद घेऊन आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे.