उसण भरली तर गोळीआधी काय वाचावं

गेल्या श्रावणात पाट उचलायला वाकले आणि कंबरेत उसण भरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, आठ दिवस फरशीवर उताणी पडून राहा. भावजींनी पॅरासिटामॉलची पट्टी आणली, भाचीने मसाजवाल्या बाईंचा नंबर दिला. तीस वर्षं बँकेत व्हाउचरं तपासलेली मी, पडताळल्याशिवाय शिक्का मारत नाही. मोबाइलवर कॉक्रेनचे, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, आढावे उघडले. एकाच प्रश्नावरच्या जगभरातल्या चाचण्या गोळा करून, चाळून, त्यांचा एकत्र ताळेबंद मांडलेला असतो तो हा पद्धतशीर आढावा.

आधी एक सांगते. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवीवर ताबा राहिला नाही किंवा सोबत ताप असेल, तर वाचत बसू नका. दवाखाना गाठा.

प्रश्न नेमका करा. ‘कंबरदुखीवर काय चांगलं?’ असं विचारून हाती काही लागत नाही. मी विचारलं: नवीन कंबरदुखीत पॅरासिटामॉल घेणारे आणि तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी घेणारे, यांच्या दुखण्यात फरक किती? 2016च्या आढाव्यात 3 चाचण्या, 1825 माणसं. दिवसाला 4 ग्रॅमपर्यंत गोळ्या घेऊनही फरक नाही. “मला तर लागू पडते,” भावजी म्हणाले. अहो, बिनऔषधाची गोळी घेणारेही बरे झालेच होते!

फरक आहे असं दिसलं तरी तो केवढा, इथे मात्र थांबा. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांवरचा 2020चा आढावा 32 चाचण्यांचा, पाच हजारांवर माणसांचा. गोळी जिंकली, पण दुखण्याच्या 100 गुणांच्या मापावर साधारण 7 गुणांनी. एवढ्यासाठी पोट आणि मूत्रपिंडं पणाला लावायची का? मला बीपी आहे, म्हणून डॉक्टरांना विचारलं आणि गोळी टाळली.

मग बघा, चाचणीतली माणसं तुमच्यासारखी आहेत का. अंथरुणात पडून राहण्यावरच्या 2010च्या आढाव्यात साध्या उसणीचे हिंडते-फिरते रुग्ण थोडे सरस ठरले. सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ, असलेल्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. काकूंना अर्धंच सांगितलं. जुनाट कंबरदुखीचं गणित आणखी वेगळं. तिथे 2021च्या आढाव्यात 249 चाचण्या आहेत आणि काहीच न करणं, नेहमीचे उपचार किंवा नुसता दिखाऊ उपचार यांच्या तुलनेत व्यायामाने दुखणं सुमारे 15 गुणांनी कमी होतं.

आढावा छापल्याचं साल बघून भागत नाही. चाचण्या कोणत्या तारखेपर्यंत शोधल्या ते पाहा. इंग्रजीचा कंटाळा असेल तर सोप्या भाषेतला सारांश तेवढा वाचा, पण त्यातलं पुराव्याच्या खात्रीचं वाक्य गाळू नका. मसाजवरच्या आढाव्यात ही खात्री फारच कमी निघाली. म्हणजे मसाज निरुपयोगी, असं नव्हे, पुरावाच कच्चा. ती नोंद मी सस्पेन्स खात्यात, म्हणजे निकाल न लागलेल्या नोंदींच्या खात्यात, टाकली आहे. भाचीने दिलेला नंबर अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.