आतला आवाज ऐकायचा, पण कधी?

"मनाचं ऐक" असं सगळेच सांगतात पण मन एका वेळी चार गोष्टी बोलत असतं, त्यातलं कुठलं ऐकायचं ते कोणी सांगत नाही. मी यात बरीच वर्षं चाचपडलेय, म्हणून मला जे जमलं ते लिहिते.

आधी बघा की ज्या बाबतीत आतून वाटतंय त्यातला तुमचा अनुभव किती. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ, एक अंतःप्रेरणेवर शंका घेणारा, दुसरा तिच्यावर भरवसा ठेवणारा, त्यांनी २००९ मध्ये मिळून पेपर लिहिला आणि अंतःप्रेरणेवर कधी भरवसा ठेवायचा याच्या दोन अटींवर दोघांचं जमलं: त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा, आणि आपलं बरोबर की चूक हे वारंवार कळून शिकायला मिळालेलं हवं. म्हणजे वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सला "या पेशंटचं काहीतरी बिनसतंय" वाटलं तर लक्ष द्यायलाच हवं, पण उद्या अमुक शेअर वाढेल असं मला आतून वाटलं तर त्याला काडीची किंमत नाही.

मग आतल्या आवाजातून भीती वेगळी काढा, हे सगळ्यात अवघड. काही ठरवायचं असेल तर एक अख्खा दिवस "हो, ठरलं" असं मनाशी धरून जगायचं, कोणाला सांगायचं नाही, आणि दुसरा दिवस "नाही" धरून. नोकरी बदलताना मी हे केलं, "हो"च्या दिवशी छातीत धडधडत होतं पण भांडी घासता घासता नव्या कामाचे प्लॅन सुरू झाले होते, आणि "नाही"च्या दिवशी धडधड थांबली खरी पण संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांवर खेकसत होते. तेव्हा कळलं, ती धडधड म्हणजे नकार नव्हता.

आतला आवाज ओळखायला आपली मूल्यंही, म्हणजे आपल्याला खरंच काय महत्त्वाचं आहे ते, माहीत हवं. पण त्यांची यादी करायला बसलात तर प्रामाणिकपणा, आरोग्य, कुटुंब असे छान शब्दच येतात, म्हणून यादीआधी गेल्या महिन्याचा कॉल लॉग आणि खर्च उघडा. मी "कुटुंब" पहिल्या नंबरवर लिहिलं होतं, आणि लॉगमध्ये आईचा एकच कॉल, सहा मिनिटांचा, तोही तिनेच केलेला. पोटात कालवलं अगदी. कशाचा राग येतो तेही लिहा, आपल्याला खरंच प्रिय असलेलं काहीतरी दुखावल्याशिवाय सहसा एवढं चिडायला होत नाही.

आणि दोन मूल्यं भांडतायत असं दिसलं तर घाबरू नका. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या दहा मूल्यांच्या वर्तुळात सुरक्षितता आणि स्वतःच्या मर्जीने जगणं या समोरासमोरच्याच बाजू आहेत. कायमचा निकाल लावायची गरज नाही, या वर्षी कोणाला झुकतं माप द्यायचं एवढंच ठरवा.

शेवटी यादीतल्या शब्दाच्या जागी एक ठोस काम लिहा, वार आणि वेळेसकट. "कुटुंब" खोडून मी लिहिलं, रविवारी सकाळी आईला फोन, घाई न करता. पहिल्या रविवारी तिने उचलल्या उचलल्या विचारलं, "काय गं, सगळं ठीक आहे ना?"