कोकणातल्या घराचं वीजबिल कमी कसं करावं: मीटरपासून बंबापर्यंत

मे महिन्यात मुंबईची मंडळी गावाला आली की घर भरतं आणि त्या महिन्याचं बिल जूनमध्ये हातात पडतं. आमच्या दापोली तालुक्यातल्या घराचं बिल एका वर्षी नेहमीच्या दुपटीवर गेलं, तेव्हा आई म्हणाली, "दिवे बंद करत जा." महिनाभर आम्ही सगळे दिव्यांच्या मागे लागलो आणि बिलात काही फरक पडला नाही. पडणार कसा? नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज बारा तास जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिटं होतात. आपल्याकडे थंडीत घर तापवावं लागत नाही. आपली वीज खर्च होते ती पाणी वर चढवण्यात, पाणी तापवण्यात आणि उकाड्यात. म्हणून काटकसरीची सुरुवात तिथून करा.

आधी बिल वाचा

एकूण रक्कम बाजूला ठेवा आणि युनिटं किती झाली ते बघा. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालणं. घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. पहिल्या शंभरांना कमीच दर लागतो, पण शंभराच्या पुढचं प्रत्येक युनिट वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे) धरून जवळपास दुप्पट पडतं. ज्याचा वापर १३० युनिटं आहे त्याने तीस युनिटं वाचवली, तर ती सगळी महागातली तीस असतात. वर वीज शुल्कही टक्केवारीने लागतं, त्यामुळे तेही त्या प्रमाणात उतरतं. स्थिर आकार मात्र काही केलं तरी द्यावा लागतो, त्याच्यावर डोकं शिणवू नका.

बिल किती दिवसांचं आहे आणि रीडिंग खरं घेतलंय की सरासरीने लावलंय, हे दर वेळी तपासा. बिलावरचा चालू रीडिंगचा आकडा आपल्या मीटरशी ताडून बघा. शेवटच्या तारखेच्या आधीची एक तारीखही बिलावर छापलेली असते. तोवर पैसे भरले की थोडी सूट मिळते. रक्कम लहान असते, पण दर महिन्याची असते.

मीटरसमोर अर्धा तास काढा

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे हजार वॅटचं काही चालू असेल तर मिनिटाला साधारण त्रेपन्न वेळा, आणि ७५ वॅटचा जुना पंखा असेल तर मिनिटाला चार वेळा.

घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगही काढा. आता दिवा लुकलुकायला नको. तरीही लुकलुकत असेल तर एक तर काहीतरी चालू राहिलंय, नाहीतर वीज कुठेतरी गळतेय. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे होतं. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, पंपाच्या खोलीतला जोड हिरवा पडतो. अशा वेळी स्वतः बोर्ड उघडू नका, वायरमनला बोलवा. गळती असेल तर वीज तोडणारा आरसीसीबी नसेल तर तोही त्याच फेरीत बसवून घ्या. पैशांपेक्षा जिवासाठी तो हवाच.

मग एकेक उपकरण लावून मिनिटभर मोजा आणि कागदावर लिहा. आपल्या घरात वीज खातंय कोण, ते या कागदावर दिसेल.

पंप

आमच्या कागदावर पंप पहिला आला. एक हॉर्सपॉवरचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. टाकी हजार लिटरची, पूर्वी पंचवीस मिनिटांत भरायची. त्या एप्रिलमध्ये तासभर पंप चालत होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं आईच्या. ती माजघरात तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "पंपाचा आवाज पोकळ येतोय, पाणी नाही उचलत नीट." पाइप वर काढून पाहिलं, तर फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला असलेल्या झडपेच्या, पडद्यात जांभ्याची खर आणि फणसाचं कुजलेलं पान अडकलं होतं. पडदा नीट बसत नसल्याने पंप बंद केला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरायचं आणि चालू असतानाही तो थोडी हवा धरायचा. रोजची पस्तीस मिनिटं जादा, म्हणजे महिन्याला सतरा-अठरा युनिटं.

म्हणून टाकी भरायला किती वेळ लागतो ते टाकी रिकामी असताना एकदा घड्याळ लावून मोजा आणि आकडा पंपाच्या खोलीत खडूने लिहून ठेवा. वेळ वाढला की आधी फूट व्हॉल्व्ह साफ करा, मग पाइपाचे जोड बघा. काठावर बसवलेला पंप पंचवीस फुटांखालचं पाणी नीट ओढू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली की तो नुसता घरघरत राहतो. विहिरीत उतरती जागा असेल तर पंप खालच्या टप्प्यावर घ्या, नसेल तर पाण्यात बुडणाऱ्या पंपाचा विचार करा. टाकी भरली की आपोआप बंद करणारा स्विच लावा. टाकीतून वाहून गेलेलं पाणी पैसे मोजून वर चढवलेलं असतं, आणि मे महिन्यात ते पाणीही वाया घालवण्यासारखं नसतं.

आंघोळीचं पाणी

पंधरा लिटरची बादली साध्या पाण्याची कढत करायला पाव युनिट लागतं. चार माणसांचं रोज एक युनिट, महिन्याला तीस. स्वस्तातल्या शंभरांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा न्हाणीघरात जातो. गीझर वापरत असाल तर आंघोळी एकापाठोपाठ उरका आणि आधी पंधरा मिनिटं लावा. दिवसभर चालू ठेवलात तर पाणी निवत राहतं आणि तो पुन्हा पुन्हा तापवत राहतो. तापमानाचा खटका पन्नास अंशांवर ठेवा, साठ-सत्तर अंशांचं पाणी करून त्यात गार पाणी ओतण्यात अर्थ नाही. गॅसवरचा गीझर बंद न्हाणीघरात बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला बेशुद्ध करून मारतो.

पण ज्यांच्या परसात चार माड आहेत, त्यांनी माळ्यावर टाकलेला तांब्याचा बंब खाली काढावा, असं मी मनापासून सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, आणि घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी बंबावर झाल्या. तेव्हापासून तो परत माळ्यावर गेला नाही. आधी पाणी भरायचं, कोरड्या बंबात जाळ घातला तर सांधे सुटतात. मधल्या नळकांड्यात खाली सुक्या झावळीची पातं, वर सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालीचे, दोन तुकडे, पेट घेतला की मूठभर करवंट्या. करवंटीचा जाळ कडक असतो, तोटीतून वाफाळतं पाणी यायला फार वेळ लागत नाही. बंब उघड्यावर किंवा पडवीच्या कडेला ठेवा, धूर घरात कोंडू देऊ नका. दम्याचं माणूस घरात असेल तर हा नाद सोडून द्या. आणि सोडणं-करवंट्या आगोटीलाच कोरड्या जागी रचून ठेवा. जुलैत भिजलेल्या सोडणाचा नुसता धूर होतो.

उकाडा आणि फ्रिज

जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला वीस युनिटं वाचतात. सगळे एकदम बदलू नका, जास्त चालणारा आधी. स्लॅबचं घर असेल तर होळीनंतर गच्चीला चुन्याचे दोन हात द्या, नाहीतर वर झापांचा मांडव घाला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडतो, ती आधीच अडवलेली बरी. एसी असेल तर २६ वर ठेवून पंखा सोबत लावा. एकेक अंश वर ठेवल्याने साधारण सहा टक्के वीज वाचते. कौलारू खोलीत छत न घालता एसी लावू नका, गारवा कौलांतून निघून जातो.

फ्रिजच्या दाराच्या रबरावर आपल्याकडे काळी बुरशी धरते आणि दार घट्ट बसत नाही. दारात कागद धरून बंद करा. ओढल्यावर तो सहज निघाला तर साबणाच्या पाण्याने रबर पुसा, तरीही निघाला तर बदला. आटवलेला आमरस गरम असताना आत ठेवू नका.

गॅसचं थोडक्यात: उकडा तांदूळ तासभर भिजवा, कुळीथ-वाल रात्रभर. पेज उकळली की भांडं गोधडीत गुंडाळून ठेवते, उरलेली शिजते ती त्या उबेवर.

सौर पॅनेल घ्यावं का?

महिन्याला शंभराच्या आत असाल तर घाई करू नका. वापर जास्त असेल तर पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान आहे. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिटं देतं, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्यातलं बरंच बुडतं. जादा युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण त्यांचा हिशोब ३१ मार्चला मिटतो. म्हणजे थंडीतली शिल्लक पावसाळ्याला उपयोगी पडत नाही, एप्रिल-मेची पडते. किती किलोवॅट घ्यायचं ते हे धरून ठरवा. पॅनेलवर माडाची सावली सकाळी-दुपारी कुठे येते ते आधी दोन-तीन दिवस बघून घ्या. सांगाडा गरम झिंकात बुडवून काढलेल्या लोखंडाचाच हवा, नुसता रंगवलेला खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. वादळाच्या वाऱ्याला तो कसा धरणार, हे बसवणाऱ्याला विचारून लेखी घ्या.

घर बंद करून जाताना

गणपती झाले की अनेक घरांना कुलूप लागतं. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवा आणि मेन स्विच पाडा. मीटर आत असेल तर रीडिंग घेणारा परत जातो आणि सरासरीचं बिल येत राहतं, म्हणून मीटर ओटीबाहेर काढून घ्यायचा अर्ज करा. तोवर शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि ग्राहक क्रमांक ठेवा. महिन्याला मीटरचा एक फोटो त्यांनी पाठवला की महावितरणच्या ॲपवरून रीडिंग तुम्ही मुंबईत बसून भरू शकता.