बडोद्यात कवितेची खुर्ची: वेल्सच्या रीतीनं मराठी काव्यस्पर्धा कशी भरवावी

मराठी मंडळाची कवितास्पर्धा कशी होते हे बडोद्यात वेगळं सांगायला नको. परीक्षक ओळखीचे, कवी ओळखीचे, कोण कुणाची भाची हेही सगळ्यांना ठाऊक. तीन क्रमांक, एक उत्तेजनार्थ, स्मृतिचिन्ह, फोटो आणि चहा. या सगळ्यात कविता मागंच राहते. वेल्समध्ये याच कामाला एक वेगळी रीत आहे. आम्ही ती आमच्या मंडळात आणली आहे आणि ती कुणालाही आणता येईल, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मी शाळेत मराठी शिकवत असे. २०१८च्या फेब्रुवारीत बडोद्यात एक्क्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी लेकीकडे कार्डिफला होते आणि तिथं वेल्सचा राष्ट्रीय आइस्तेद्वोद, म्हणजे वेल्श भाषेतला कविता-संगीताच्या स्पर्धांचा उत्सव, भरला होता. आपल्या संमेलनासारखाच तोही दरवर्षी गाव बदलतो, एक वर्ष उत्तर वेल्स, एक वर्ष दक्षिण. पण संमेलनाचा मुख्य माणूस अध्यक्ष असतो आणि त्याचं नाव महिनोन् महिने आधी छापून येतं. तिथला मुख्य माणूस प्रेक्षकांतच कुठंतरी बसलेला असतो आणि शेजारच्यालाही त्याचा पत्ता नसतो. मंचावर एक नवीकोरी लाकडी खुर्ची रिकामी ठेवलेली असते. परीक्षक कवितांवर बोलतात आणि शेवटी विजेत्याचं टोपणनाव पुकारतात. तुताऱ्या वाजतात, अंधारात कुणीतरी उभं राहतं, दिवा त्याच्यावर जातो आणि सगळं सभागृह उठून उभं राहतं. त्याला मानानं मंचावर नेऊन त्या खुर्चीत बसवतात. खुर्ची कायमची त्याची.

ही खुर्ची दरबारातून आली. ११७६ साली रीस आप ग्रिफिद या राजानं कार्डिगनच्या किल्ल्यात कवी आणि वादक यांच्या स्पर्धा लावल्या आणि जिंकणाऱ्यांना एकेक खुर्ची दिली. राष्ट्रीय आइस्तेद्वोद मात्र १८६१ साली, अ‍ॅबरडेअर या कोळशाच्या खाणींच्या गावात सुरू झाला. तोवर कवींना पोसणारे राजे कधीच गेले होते, तेव्हा खुर्ची देण्याचं काम लोकांनी आपल्याकडे घेतलं. बडोद्याला हे पटकन कळावं. आपल्याकडेही राजकवी होते, आधी चंद्रशेखर, पुढं यशवंत. गायकवाडांचा दरबार गेला. आता कवीला बसायला जागा द्यायची तर ती मंडळानंच द्यायला हवी.

तारीख

गोर्सेद, म्हणजे तिथलं कवींचं मंडळ, पुढच्या आइस्तेद्वोदची घोषणा निदान एक वर्ष आणि एक दिवस आधी करतं. आपल्याला तेवढं नको, पण तीन-साडेतीन महिने हवेतच. गणेशोत्सवात सगळे जमतात तेव्हा विषय जाहीर करा. त्यानंतर नवरात्र येतं आणि ते नऊ दिवस बडोद्यात कुणाकडून गरब्याखेरीज कशाचीही अपेक्षा ठेवू नका. कार्यक्रम सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी करण्याचा मोह होईल. तो टाळा. बोर्डाच्या परीक्षा तोंडावर असतात आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं घरी अडकतात. ती नसतील तर हे सगळं करण्यात मला अर्थ वाटत नाही. डिसेंबरचा शेवटचा रविवार उत्तम. नाताळची सुट्टी असते, हवा छान असते आणि कमुरता लागलेले असल्यामुळे गुजराती लग्नं बंद असतात. हॉल मिळतो आणि छापखानेही मोकळे असतात.

विषय आणि बंधन

विषय एका शब्दाचा द्या. ‘ओटा’, ‘वेस’, ‘सूरसागर’. ‘माझी मायबोली’ असले विषय देऊ नका, त्यातून कविता येत नाही, घोषणा येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वेल्समध्ये खुर्ची मिळते ती नियमबद्ध कवितेला. मुक्त रचनेसाठी वेगळा मुकुट आहे, गद्याला पदक आहे. खुर्चीच्या कवितेत प्रत्येक ओळीला ‘कंघानेद’ पाळावं लागतं. त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यातला एक असा की ओळीचे दोन भाग पाडायचे आणि पहिल्या भागातली व्यंजनं त्याच क्रमानं दुसऱ्या भागात आणायची, स्वर मात्र बदलायचे. मराठीत करून पाहू:

सूर मनी, सारे मौन.

स, र, म, न आणि पुन्हा स, र, म, न. आणखी एक:

नदी काळी, नाद कळे.

हे मी कार्यशाळेत फळ्यावर लिहिते तेव्हा मुलांचे डोळे चमकतात. कवितेतला भाव वगैरे शिकवताना ती जांभया देतात, पण व्यंजनांचं हे कुलूप उघडायला दिलं की वही सोडत नाहीत. आठवी-नववीतली मुलं दोन तासांत चार-पाच ओळी करतात, त्यातली एखादी खरोखर सुंदर असते. तेव्हा घोषणेनंतर दोन-तीन रविवारी कार्यशाळा घ्याच. त्यात आधी अशा ओळी करू द्या, मग आपली वृत्तं घ्या. ओवी सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात अवघड आहे, ती शेवटी ठेवा. सुरुवात दिंडीनं आणि साकीनं करा, कारण त्यांची चाल सांगितली की मात्रा मोजाव्या लागत नाहीत. नंतर भुजंगप्रयात, मोरोपंतांची आर्या. मराठीत कंघानेदची सक्ती करू नका. आपल्या भाषेची स्वतःची बंधनं आहेत आणि ती सक्तीची करायला पुरेशी आहेत. वेल्सकडून घ्यायची ती निष्ठा. तिथले कंघानेदचे नियम पंधराव्या शतकात पक्के झाले, आणि आजही शेतकरी, शिक्षक, दुकानदार ते शिकून रेडिओवरच्या सामन्यांत भाग घेतात.

ओळींची मर्यादा घाला. तिथं खुर्चीच्या कवितेला अडीचशे ओळींपर्यंत जाता येतं. आपल्याला चाळीस पुष्कळ झाल्या. मुक्तछंदासाठी वेगळा मान ठेवायचा तर पगडी ठेवा.

टोपणनाव

या रीतीचा प्राण इथं आहे, म्हणून यात ढिलाई नको. कवितेवर फक्त टोपणनाव. वेगळ्या बंद पाकिटावर तेच टोपणनाव आणि आत खरं नाव-पत्ता. कविता संगणकावर टाइप केलेलीच घ्या. आपल्या मंडळात अर्ध्या लोकांचं अक्षर मी दुरून ओळखते, इतरही ओळखत असणार. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांना नातवंडं करून देतील, आणि नातवंडांनी आजीची कविता अक्षर न् अक्षर वाचावी हा त्यातला मोठा लाभ. पाकिटं कवितेशी संबंध नसलेल्या माणसाकडे ठेवा. आमची एका गुजराती शेजाऱ्यांच्या तिजोरीत असतात.

परीक्षक तीन, आणि निदान दोन बडोद्याबाहेरचे. इंदूर आणि ग्वाल्हेरकडे बघा. महाराष्ट्राबाहेर मराठी जगवणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. प्रत्येक परीक्षकानं प्रत्येक कवितेवर लेखी अभिप्राय द्यायचा, ‘छान प्रयत्न’ चालणार नाही. मात्रा कुठं ढळली, कुठली ओळ उसनी वाटते, कुठं कवी खरा बोलला, हे सगळं लिहायचं. आणि त्यांना एक अधिकार आधीच द्या: एकही कविता योग्यतेची नसेल तर खुर्ची कुणालाच द्यायची नाही. वेल्समध्ये असं झालेलं आहे. हा नियम कमिटीत मांडल्यावर विरोध होईल, तरी सोडू नका. रिकामी राहू शकते म्हणूनच त्या खुर्चीला किंमत आहे.

निकाल लागला की एकाच माणसानं विजेत्याचं पाकीट उघडायचं आणि त्याला गुपचूप कळवायचं, म्हणजे तो त्या दिवशी हजर राहील. विजेत्यानं घरातसुद्धा बोलायचं नाही. लोक हे पाळतात, मी पाहिलं आहे.

खुर्ची

तिथं दरवर्षी नवी खुर्ची घडवतात. आपल्या हाताशी संखेडा आहे, बडोद्याहून सकाळी निघून दुपारी परत येता येईल एवढ्यावर. तिथले खरादी सुतार सागवान खरादावर फिरवून त्यावर लाखेचे रंग चढवतात. तो लाल-सोनेरी झोपाळा आपल्या कित्येक घरांत आहे. खुर्ची तिथूनच करून घ्या. पैसे कमी असतील तर वीतभर उंचीची करून घ्या. वेल्सच्या छोट्या गावांतल्या स्पर्धांमध्येही अशा चिमुकल्या खुर्च्या देतात आणि घराघरांत त्या जपलेल्या असतात. मोठी खुर्ची दिलीत तर टेम्पोही मंडळानंच करा, विजेत्याच्या खिशाला चाट नको.

कार्यशाळेत मुलांना एका खुर्चीची गोष्ट जरूर सांगा. एलिस एव्हान्स नावाचा एक मेंढपाळ होता, ट्रॉसव्हनिद गावाजवळच्या शेतावर वाढलेला, ‘हेद विन’ या काव्यनामानं लिहिणारा. पहिल्या महायुद्धात त्याला फौजेत जावं लागलं. १९१७च्या स्पर्धेचा विषय होता ‘वीर’, आणि त्यानं कविता फ्रान्सहून पाठवली. एकतीस जुलैला पासचेंडेलच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी तो मारला गेला. सहा सप्टेंबरला बर्कनहेडच्या मंडपात विजेत्याचं टोपणनाव पुकारलं गेलं. कुणी उभं राहिलं नाही. पुन्हा पुकारलं. मग कवी युद्धात पडल्याचं सांगण्यात आलं आणि खुर्चीवर काळं वस्त्र घातलं गेलं. ती खुर्ची बेल्जियममधून निर्वासित होऊन आलेल्या एका सुताराने घडवलेली होती, आणि कवी पडला तो बेल्जियमच्याच मातीत. आज ती त्याच्या शेतावरच्या घरात आहे. ही गोष्ट सांगताना माझा आवाज अजून स्थिर राहत नाही. पण मुलं शांत ऐकतात, आणि टोपणनाव गांभीर्यानं का घ्यायचं हे त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही.

समारंभ आणि भाषा

तिथले पांढरे-निळे-हिरवे झगे, म्यानातून अर्धवट उपसलेली तलवार, हे सगळं योलो मोर्गानुग या पाथरवट कवीच्या कल्पनेतून आलं. १७९२ साली त्यानं लंडनच्या एका टेकडीवर पहिला सोहळा केला आणि तो पुरातन ड्रुइडांचा, म्हणजे तिथल्या प्राचीन पुरोहितांचा, असल्याचं सांगितलं. तसा तो नव्हता. वेल्सच्या लोकांना हे ठाऊक आहे आणि तरी ते तो जपतात. यात मला काही कमी वाटत नाही. आपला सार्वजनिक गणेशोत्सवही १८९३च्या सुमाराचाच की. मात्र त्यांचे झगे आपण घालू नयेत. आपल्याकडे तुतारी आहे, लेझीम आहे, तेवढ्यावर मंच उभा राहतो. एक गोष्ट तेवढी घ्या: खुर्चीवर बसवण्याआधी तिथं लोकांना तीनदा विचारतात, ‘शांती आहे का?’ आणि सगळे एका आवाजात ‘शांती’ म्हणतात. आम्हीही विचारतो.

मंचावर फक्त मराठी. तिथं हा नियम १९५० पासून लागू आहे. त्याला कारण आहे. १८४७ साली सरकारी अहवालात, वेल्श न जाणणाऱ्या तीन इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या भाषेला प्रगतीतला अडथळा ठरवलं होतं. शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलांच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवत. २०२१च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं सांगितलं. म्हणून ते वर्षातला एक आठवडा भाषेसाठी पूर्ण राखून ठेवतात. पण दार बंद करत नाहीत, इंग्रजीत ऐकायला कानाला लावायची यंत्रं देतात आणि प्रौढपणी वेल्श शिकलेल्यांना वेगळा मान देतात. आपण यंत्राऐवजी माणूस बसवू: गुजराती पाहुण्यांच्या शेजारी एकेक मुलगा किंवा मुलगी, हळू आवाजात सांगायला.

आणि बडोद्याची मराठी अशुद्ध म्हणून गुण कापू नका. १८६५ साली दीडशेच्या आसपास वेल्श माणसं ‘मिमोसा’ जहाजातून अर्जेंटिनातल्या पातागोनियात जाऊन वसली. त्यांची मुलं-नातवंडं स्पॅनिशही बोलू लागली, तरी तिथं आजही आइस्तेद्वोद भरतो. आपली घरं तशीच आहेत, दुकानात गुजराती, स्वयंपाकघरात मराठी. आमच्याकडे एका वर्षी खुर्चीवर बसली ती एक गुजराती सून. मराठी तिनं सासूबाईंच्या ओव्या ऐकत शिकलेली. तिच्या ओवीत ‘ओटा’ऐवजी गुजराती वळणाचा ‘ओटला’ हा शब्द होता आणि ग्वाल्हेरच्या परीक्षकांनी नेमकी तीच ओळ वाखाणली. ती उभी राहिली तेव्हा सासूबाईंनी शेजारणीचा हात धरला होता.

शेवटचं काम छापखान्याचं. सगळ्या निवडक कविता आणि परीक्षकांचे सगळे अभिप्राय यांची पुस्तिका खुर्चीचा मान झाल्या झाल्या, त्याच संध्याकाळी वाटायची. वेल्समध्येही असं पुस्तक समारंभ संपताच विक्रीला येतं. हरलेले कवी घरी जाऊन आधी स्वतःचाच अभिप्राय वाचतात, म्हणून त्यात छपाईच्या चुका राहू देऊ नका. मुद्रितं दोघांनी तपासा, आणि गठ्ठा निकाल जाहीर होईपर्यंत त्या तिजोरीवाल्या शेजाऱ्यांकडेच ठेवा.