जुन्या पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल घालायचं?

अमेरिकेत शहराबाहेर दोन-तीन एकर जागा घेतली की वर्षभरात माणूस जुना पिकअप शोधायला लागतो. आमचंही तसंच झालं. टेक्सासमधल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून १९७९ चा फोर्ड एफ-१५० घेतला. चावी देताना आजोबांनी एकच सूचना केली, "गिअरबॉक्सचं ऑइल कमी झालं तर टाइप एफ घाल. एफ म्हणजे फोर्ड." ऑइल कमी होतंच. मी दोन बाटल्या ओतल्या. पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना ट्रक असा हिसका द्यायचा की डॅशबोर्डवरचा डबा थेट मांडीवर यायचा.

महिन्याभराने डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) नीट घासून पुसली, तेव्हा पात्यावर ठोकलेली अक्षरं दिसली. शेवटची दोन होती 'सीजे', म्हणजे फोर्डचंच दुसऱ्या जातीचं ऑइल. टाइप एफ नव्हतंच. आजोबाही वर्षानुवर्षं तेच ओतत असणार. त्यांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं, फक्त दोन-तीन वर्षांनी मागे पडलेलं होतं. फोर्डच्या याच सी६ गिअरबॉक्सला १९७६ पर्यंत टाइप एफ चालायचं, १९७७ च्या सुमारास कंपनीने ऑइल बदललं. बाहेरून बॉक्स तोच, नावही तेच.

म्हणून 'सगळ्यात चांगलं ऑइल कोणतं' हा प्रश्न बाजूला ठेवा. आपल्या ट्रकखाली लटकलेला बॉक्स कोणत्या ऑइलसाठी बनवला होता, एवढंच शोधायचंय.

आधी बॉक्स ओळखा

ट्रकचं मॉडेल आणि साल पुरेसं नाही. एकाच साली एकाच मॉडेलला दोन-तीन वेगळे बॉक्स मिळायचे, आणि चाळीस वर्षांत कुणीतरी भंगारातून दुसराच आणून बसवलेला असू शकतो.

शेवरले किंवा जीएमसी असेल तर ग्लव्ह बॉक्स उघडा. १९८० च्या दशकापासूनच्या ट्रकमध्ये आत तीन-तीन अक्षरी कोडांनी भरलेलं एक स्टिकर असतं. त्यात एमडी८ दिसलं तर ७००आर४, एम३० म्हणजे ४एल६०ई, एम४० म्हणजे टर्बो ४०० आणि एमटी१ म्हणजे ४एल८०ई. फोर्डमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पट्टी असते, तिच्यावर 'टीआर' खाली गिअरबॉक्सचं कोड छापलेलं असतं.

स्टिकर उडालंय? मग खाली झोपा आणि ऑइल पॅनचे, म्हणजे बॉक्सच्या तळाशी असलेल्या पत्र्याच्या परातीचे, बोल्ट मोजा. फोर्ड सी६ ला १७, एओडीला १४, ई४ओडीला २०. जीएमच्या (जनरल मोटर्स, म्हणजे शेवरले-जीएमसीवाले) टर्बो ३५० ला १३ आणि ७००आर४ ला १६. डॉजच्या जुन्या ७२७ ला १४. आकड्यासोबत पॅनचा आकारही बघा, कारण टर्बो ४०० लाही १३ च बोल्ट आहेत, फक्त त्याचा पॅन वेडावाकडा आहे. स्टिकर शाबूत असलं तरी बोल्ट मोजाच. स्टिकर कारखान्यातलं असतं, बॉक्स कुठला असेल ते सांगता येत नाही.

मग घराणं बघा

इथे थोडं थांबून समजून घेऊ, कारण पुढचा सगळा गोंधळ यातूनच होतो.

ऑटोमॅटिक बॉक्समध्ये क्लचच्या प्लेटी ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. गिअर बदलताना त्या एकमेकींवर क्षणभर घसरतात आणि मग घट्ट धरतात. ती घसरण किती वेळ चालायची आणि पकड शेवटी मऊ बसायची की कडक, हे प्लेटींइतकंच ऑइलमधल्या रसायनांवर ठरतं. त्यांना फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात. टाइप एफमध्ये ते जवळपास नसतातच. घसरण थांबत आली की पकड वाढते आणि प्लेट झटक्यात चिकटते. जीएमच्या डेक्सरॉन जातीच्या ऑइलमध्ये ते असतात, त्यामुळे शेवटचा क्षण हळुवार जातो.

डेक्सरॉनसाठी बनलेल्या बॉक्समध्ये टाइप एफ घातलं की माझ्यासारखे हिसके बसतात. उलटं केलं तर जास्त वाईट. टाइप एफच्या बॉक्समध्ये डेक्सरॉन घातलं की गाडी कशी लोण्यासारखी चालते, मालक खूश. पण आत प्लेटी गरजेपेक्षा जास्त वेळ घसरत असतात, तापत असतात, आणि एक दिवस करपतात. दोन्ही ऑइलं लालच असतात, त्यामुळे रंगावरून कोणतं ते कळत नाही.

आता घराण्यांचं बघू.

जीएमने १९४९ मध्ये टाइप ए आणलं, १९५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती 'टाइप ए सफिक्स ए'. आपल्याकडच्या ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांना हे नाव परकं वाटणार नाही. इंडियन ऑइलचं 'सर्वो ट्रान्सफ्लुइड ए' म्हणतात त्यातला 'ए' तोच, आणि ते पॉवर स्टिअरिंगमध्ये जातं. १९६७ मध्ये डेक्सरॉन आलं. त्या काळच्या या ऑइलांमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर म्हणून चक्क स्पर्म व्हेलचं तेल असायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्या तेलावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांची धावपळ झाली. त्यातून डेक्सरॉन-२ आलं, पुढे १९९३ मध्ये डेक्सरॉन-३ आणि २००५ मध्ये डेक्सरॉन-६. जीएमच्या मते जुन्या जीएम बॉक्सना डेक्सरॉन-६ चालतं. ४एल६०ई मध्ये मी ते डोळे झाकून घालीन. पण ६ हे ३ पेक्षा पातळ आहे. ठिबकणारा, जुन्या सीलांचा टर्बो ३५० असेल तर माझं मत ३ च्या जातीकडे झुकतं.

फोर्डचं प्रकरण सगळ्यात किचकट. टाइप एफ, मग सीजे, मग एच, १९८७ मध्ये मर्कॉन, पुढे मर्कॉन-५. सीजे आणि एचच्या जागी मर्कॉन आलं आणि मर्कॉनच्या जागी मर्कॉन-५. टाइप एफ मात्र या रांगेत नाही. ज्याला टाइप एफ लागतं त्याला आजही टाइप एफच लागतं, आणि ते दुकानात सहज मिळतं.

डॉजला १९९० च्या दशकात एटीएफ+३ लागायचं (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), आता त्याजागी एटीएफ+४ घालायचं. त्याआधीच्या ट्रकांच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा डेक्सरॉन लिहिलेलं सापडेल. एटीएफ+४ बाबत एक लक्षात ठेवा. त्याचा लाल रंग टिकत नाही, त्यामुळे नुसता तपकिरी दिसला म्हणून घाबरू नका.

टोयोटाच्या जुन्या पिकअपना डेक्सरॉन-२ किंवा ३, नंतरच्यांना टी-४, त्यानंतर डब्ल्यूएस. टी-४ च्या जागी डब्ल्यूएस घालू नका.

बाटली मागून वाचा

पुढच्या लेबलवर घोड्याचं चित्र आणि मोठमोठी अक्षरं असतात. ती विसरा. डेक्सरॉन-३ चे परवाने जीएमने २००६ च्या अखेरीस संपवले. म्हणजे आज त्या नावाची कुठलीही बाटली जीएमने तपासून मान्य केलेली नाही. म्हणूनच 'डेक्स/मर्क' अशी अर्धवट नावं दिसतात. ती सगळी वाईट असतात असं नाही, पण बाटलीतलं ऑइल तसंच आहे याची हमी फक्त बनवणाऱ्याची. त्यामुळे इथे स्वस्तातली अनोळखी बाटली नको, नावाजलेल्या कंपनीची घ्या. डेक्सरॉन-६, मर्कॉन-५ आणि एटीएफ+४ यांचे परवाने मात्र चालू पद्धतीचे आहेत. मागच्या बाजूला लायसन्स नंबर शोधा.

'सर्व गाड्यांसाठी' अशा बाटल्यांवर तीस-तीस नावं छापलेली असतात. त्यात टाइप एफ आणि डेक्सरॉन शेजारी-शेजारी दिसले तर बाटली परत फळीवर ठेवा. दोन विरुद्ध स्वभावांना एकच औषध कसं लागू पडेल?

ओतण्याआधी आत काय आहे ते बघा

ट्रक पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा, सपाट जागी लावा. इंजिन चालूच ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअरमधून लिव्हर फिरवा, मग पार्कमध्ये आणा. जुन्या डॉजमध्ये मात्र पार्कऐवजी न्यूट्रलमध्ये ठेवा. तिथे पार्कमध्ये पंपाचं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरकडे (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा ऑइलने भरलेला भाग) जात नाही आणि मापन खोटं येतं.

डिपस्टिक काढा आणि पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. थेंब पसरू द्या. गुलाबी-लाल असेल तर उत्तम. तपकिरी आणि करपल्याचा वास असेल तर प्लेटी तापल्यात. डागाच्या मधोमध काळा चुरा राहिला तर ते प्लेटींचं अस्तर आहे. आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर ऑइलचा विषय संपला. रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत शिरलंय, आधी तो बदला.

पातळी कमी, पण जमिनीवर डाग नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर? सी६, टर्बो ३५० आणि टर्बो ४०० ला बाजूला वाटीसारखा एक व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. त्याच्या रबरी नळीत बोट घाला. बोट लाल झालं तर आतला पडदा फाटलाय आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतंय. सुटा भाग आहे, फार महागही नाही.

बदलताना

चुकीचं ऑइल आत असेल तर वरून बरोबरचं ओतून भागत नाही. पॅन उतरवायचाच. बहुतेक जुन्या पॅनना ड्रेन बोल्ट नसतो. मोठं घमेलं खाली ठेवा, मागच्या बाजूचे बोल्ट आधी सैल करा आणि पॅन मागून तिरका होऊ द्या. तरीही हातावर येणारच, म्हणून गरम-गरम असताना करू नका. तळाशी राखाडी चिखलाचा पातळ थर चालतो. चकचकीत धातूचे तुकडे मिळाले तर ऑइलचे पैसे वाचवा, बॉक्स उघडावा लागणार.

पॅन उतरवला तरी सगळं ऑइल निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच राहतं. ४एल६०ई मध्ये साधारण ११ क्वार्ट, म्हणजे साडेदहा लिटरच्या आसपास मावतं, पण पॅनमधून निघतात पाचच. एकदा बदलल्यावर आत नवं ऑइल ४५ टक्के, दुसऱ्यांदा ७०, तिसऱ्यांदा ८४. मी मशीनने फ्लश करण्यापेक्षा असं दोन-तीनदा, मध्ये काही आठवडे ट्रक चालवून, बदलणं पसंत करतो. फोर्डवाल्यांना एक सोय आहे. सी६ च्या बहुतेक कन्व्हर्टरना स्वतःचा ड्रेन प्लग असतो. पुढचं पत्र्याचं झाकण काढा, पान्याने इंजिन हळूहळू फिरवा, प्लग खाली आला की उघडा. माझं टाइप एफ मी तसंच काढलं.

फिल्टर आणि गॅस्केट नवीन लावा. पॅनचे बोल्ट मात्र जीव खाऊन आवळू नका. ४एल६०ई ला ११ न्यूटन-मीटर सांगितलंय, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर. जास्त आवळलं की पत्रा दबतो आणि जिथे आवळलं तिथूनच गळतं.

भरताना निघालं तेवढंच मोजून, त्यातलं अर्धा लिटर हातचं राखून, लांब नरसाळ्याने डिपस्टिकच्याच नळीतून. मग इंजिन चालू करून पुन्हा गरम पातळी बघा. बऱ्याच ट्रकांवर 'ॲड' आणि 'फुल' या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे फक्त एक पाइंट, अर्ध्या लिटरला थोडं कमी. जास्त झालं तर फिरणारे भाग ऑइल घुसळतात, ताकासारखा फेस येतो, आणि फेसाने क्लच दाबला जात नाही. ट्रक ऑइल कमी असल्यासारखाच वागतो आणि माणूस अजून ओततो.

निघालेलं ऑइल डब्यात भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात द्या. इथली बरीच दुकानं इंजिन ऑइलसोबत तेही फुकट घेतात.

शेवटी डिपस्टिकच्या नळीला पत्र्याची एक पट्टी बांधा आणि तिच्यावर बॉक्सचं नाव, ऑइल आणि तारीख कोरून ठेवा. कागदी चिठ्ठी बोनेटखाली एक उन्हाळाही टिकत नाही. माझ्या पट्टीवर 'सी६ – मर्कॉन' लिहिलंय आणि खाली बायकोने खिळ्याने खरवडलंय, 'एफ नाही'.