कोर्टाच्या कामात एआय वापरता? मग आधी एवढं करा

मागच्या पावसाळ्यात माझ्या ज्युनिअरनं वाटणीच्या दाव्यातला लेखी युक्तिवाद टाईप करून आणला, भाषा स्वच्छ, मुद्दे क्रमानं, आणि शेवटी आपल्याच नागपूर खंडपीठाचा २०२३ चा एक निवाडा, नंबरासकट, बीएचसी-एनएजी (बॉम्बे हायकोर्ट, नागपूर) वगैरे सगळं व्यवस्थित. मी हायकोर्टाच्या साईटवर तो नंबर टाकून पाहिला तर निघालं पेन्शनचं मॅटर, वाटणीचा त्यात शब्द नाही. पोरगी मेहनती आहे, तिनं एआयला विचारलं आणि त्यानं दिलं ते विश्वासानं उतरवलं. दुसऱ्या दिवशी ते दाखल होणार होतं. त्यानंतर आमच्या ऑफिसात जे ठरलं ते इथं लिहून राहिलो, सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात रोज येणाऱ्या नव्या वकिलांच्या कामी यावं म्हणून.

सायटेशनपासून, म्हणजे निवाड्याच्या दाखल्यापासून, सुरू करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथंच होते. चॅटबॉट निवाडा शोधून देते असं आपल्याला वाटते, पण बरेचदा ते फक्त पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधत जाते, आणि त्यानं कायद्याचं इतकं वाचलेलं असते की निवाड्यासारखं दिसणारं काहीही ते लिहू शकते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला माता विरुद्ध एव्हियांका या मॅटरमध्ये हेच झालं. विमानात सर्व्हिंग कार्ट गुडघ्याला लागली म्हणून दावा होता, वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे कोर्टापुढं ठेवले, त्यातले सहा मुळात नव्हतेच. वाईट याचं वाटते की वकिलानं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, हे खरे आहेत का, आणि ते हो म्हणालं. ५,००० डॉलर दंड बसला. तेव्हा खात्री करायला पुन्हा त्यालाच विचारू नका.

सुप्रीम कोर्टाचं असेल तर ई-एससीआर पोर्टल फुकट आहे, आपल्या हायकोर्टाचं असेल तर हायकोर्टाची साईट. निवाडा उघडा, पक्षकारांची नावं, तारीख, बेंच जुळवा. एवढ्यावर थांबू नका, जो पॅरा तुम्ही कोट केला तो शोधून मागचे पुढचे चार पॅरे वाचा, कारण कित्येकदा वाक्य खरं असते पण ते कोर्टाचं मत नसून हरलेल्या बाजूच्या वकिलाचं म्हणणं कोर्टानं नुसतं नोंदवलेलं असते. आमच्याकडे आता साधा नियम आहे, पहिलं पान आणि तो पॅरा प्रिंट काढून फाईलला लागल्याशिवाय सायटेशन अर्जात जात नाही.

कलमांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून नवे तीन फौजदारी कायदे लागू झाले, पण एआयनं वाचलेला बराचसा मजकूर जुना आहे म्हणून ते दोन्ही एकत्र करून टाकते. फसवणुकीचं ४२० आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) ३१८(४), पोटगीचं १२५ आता बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १४४, हे तरी लगेच लक्षात येते. खरी गडबड ४८२ ची आहे, सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, ४८२ म्हणजे एफआयआर रद्द करायचा अर्ज, बीएनएसएसमध्ये ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करायचं गेलं ५२८ मध्ये. नंबर तोच असल्यामुळं नजर सहज घसरते. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, बाजूला उघडा ठेवूनच ड्राफ्ट तपासा.

आता अशिलाचे कागद. हे मला सायटेशनपेक्षाही महत्त्वाचं वाटते. बाई तुमच्यासमोर बसून नवऱ्याचं, सासरचं सगळं सांगते ते तुमच्यावर भरवसा ठेवून, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ कलमानं ते गुपित ठेवणं आपल्यावर बंधनकारक आहे, जुन्या पुरावा कायद्यात तेच १२६ होतं. ती पूर्ण एफआयआर, मेडिकल, बँक स्टेटमेंट फुकटच्या ॲपमध्ये टाकली की ती कुठल्या सर्व्हरवर राहते यावर आपला काही ताबा राहत नाही. नावं, गाव, आधार, मोबाईल, गाडीचा नंबर काढा, "अर्जदार", "गैरअर्जदार" एवढंच ठेवा. पोक्सो किंवा बलात्काराच्या मॅटरमधला एकही कागद टाकू नका, नाव काढूनसुद्धा नाही, कारण शाळा, वस्ती, नातं यावरून ओळख पटते. बाकी मॅटरमध्येही अशिलाला विचारून घ्या, वकालतनाम्यावर सही घेतानाच विचारलं तर त्यालाही बरं वाटते.

भाषांतराला एआय चांगलं आहे, पण आपल्याकडच्या महसुली मराठीत अडखळते. एका जुन्या विक्रीपत्रात "आराजी ०.८१ हे.आर." होतं, आराजी म्हणजे जमिनीचं क्षेत्र, इथं साधारण दोन एकर, तर त्यानं इंग्रजीत आराजी नावाचा माणूसच उभा केला. मौजा, खसरा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), हक्कसोड हे जमिनीच्या कागदांतले शब्द दिसले की ती ओळ स्वतः करा.

आपल्याकडे एआयचा वेगळा कायदा नाही म्हणून कुणी म्हणते काय होते, तर वकिलाची कोर्टाप्रती जबाबदारी जुनीच आहे, टूल नवं आलं म्हणून ती कमी होत नाही. केरळ हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, त्यात निष्कर्ष, आदेश किंवा निकालासाठी एआय वापरायचं नाही असं स्पष्ट आहे. न्यायाधीशांना जे बंधन ते आपण आपणहून पाळायला काय हरकत आहे?

आणि चुकून खोटं सायटेशन दाखल झालंच असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आधी सीनियरला सांगा, मग पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन तो निवाडा मागे घ्या, चूक कशी झाली ते दोन ओळींत लिहा, समोरच्या वकिलाला प्रत द्या. न्यूयॉर्कच्या त्या न्यायाधीशांनीही आदेशात लिहिलं होतं की वकिलांनी वेळेवर खरं सांगितलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.