कायदा तोच, पलटा आपला

नाशिकमध्ये तबल्याच्या वर्गाला येणारी बरीच नवी मुले गणेशोत्सवात ढोलपथकात वाजवून आलेली असतात. त्यांच्या हातात जोर असतो आणि लयही सहसा ढळत नाही. मात्र ती लय साऱ्या पथकाने मिळून सांभाळलेली असते, त्यामुळे एकट्याने लेहऱ्यावर, म्हणजे तालाचे माप दाखवत पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सुरावटीवर, बसल्यावर आपण आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, नेमके कोठे आहोत, हे त्यांना चटकन सांगता येत नाही. प्रवेशिका परीक्षेसाठी कायद्याचे (म्हणजे ठरावीक बोलांच्या मूळ रचनेचे) चार पलटे, म्हणजे तेच बोल फिरवून केलेले प्रकार, पाठ करून आलेल्यांची अडचण निराळी असते. चौथा पलटा संपला की त्यांच्याजवळचा मालही संपतो. दोघांनाही माझे सांगणे एकच असते: नवे बोल मागू नका, हातात असलेल्या कायद्याचीच उलटापालट करून पाहा.

दिल्ली घराण्याचा 'धाधातिट धाधातूना, तातातिट धाधाधिना' हा तीनतालातील, म्हणजे सोळा मात्रांच्या तालातील, कायदा यासाठी पुरेसा आहे. तो दुगुणीत, म्हणजे एका मात्रेत दोन अक्षरे, असा घ्यावा. कायद्याबाहेरचे अक्षर वापरायचे नाही आणि भरीतील, म्हणजे घुमाऱ्यासह वाजणाऱ्या भागातील, रचना खालीत, म्हणजे त्यानंतरच्या भागात, डग्ग्याचा घुमारा मिटवून पुन्हा यायला हवी, एवढी दोन बंधने पाळली तरी खूप वाव उरतो. 'तिटधाधा तिटधाधा धाधातिट धाधातूना' यात फक्त क्रम बदलला आहे. 'धाऽतिट' करून एक 'धा' गाळला, तर रिकामी जागा हाताने नव्हे, मनाने भरावी लागते. खरी कसोटी 'धातिट धातिट धाधा, धाधातिट धाधातूना' या पलट्याची असते. येथे तीन, तीन आणि दोन असे गट पडतात. दुसऱ्या गटाचा 'धा' दुसऱ्या मात्रेच्या मध्यावर येतो आणि नवशिका तेथे हमखास घाई करतो. म्हणून वाजवण्याआधी पढंत करावी: 1, 5 आणि 13 या मात्रांवर टाळी, 9 वर खाली (टाळी न देता मोकळा हात) दाखवत बोल तोंडाने म्हणावेत. मेट्रोनोमपेक्षा मला लेहरा बरा वाटतो, कारण मेट्रोनोमच्या साध्या टिकटिकीतून सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ओळखू येत नाही.

तिहाईदेखील (एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर संपणारी रचना) याच सामग्रीतून बांधता येते आणि हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. 'धाधातिट धाधातूना धा' हा नऊ अक्षरांचा तुकडा तीनदा म्हणावा, असा की शेवटचा 'धा' समेवर पडेल. मध्ये दम न घेता म्हटल्यास समेआधी 26 अक्षरे, म्हणजे 13 मात्रा लागतात. म्हणून चौथ्या मात्रेपासून उठावे (सुरुवात करावी) लागते. दर दोन तुकड्यांच्या मध्ये अर्ध्या मात्रेचा दम घेतला, तर उठाण तिसऱ्या मात्रेवर येते. एक मात्रेचा घेतला, तर दुसऱ्या मात्रेवर. आणि दीड मात्रेचा घेतला, तर तिहाई थेट समेपासून सुरू होऊन पूर्ण आवर्तन व्यापते. हा हिशेब आधी कागदावर मांडावा, मग चारही प्रकार एकाच लयीत, एकापाठोपाठ म्हणावेत. दीड मात्रेच्या दमात बहुतेकांचा हात लवकर पडतो. तेथे टाळी चालू ठेवून गप्प राहण्याचा सराव वेगळा करावा, आणि तो जमेपर्यंत लय वाढवू नये.